नव्या घरात नळाचं पाणी ओळखायचं कसं: मशीन घेण्याआधी करायच्या तपासण्या

नव्या घरात राहायला गेलं की पंधरा दिवसांत पाण्याबद्दल दोन वाक्यं ऐकू येतात. एक, "इथे साबणाला फेसच येत नाही." दुसरं, "हे पाणी प्यायचं कसं?" आणि दोन्हींवर एकच उपाय होतो: कुणीतरी येतं आणि भिंतीवर एक मशीन लावून जातं. म्हणून आधी हे सांगते की हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पाणी जड असेल तर त्रास गिझरला, कपड्यांना आणि केसांना. पाणी दूषित असेल तर त्रास माणसांना. जड पाणी पिण्याला अगदी निर्धोक असू शकतं आणि चवीला गोड, काचेसारखं नितळ पाणी माणसाला अंथरुणाला खिळवू शकतं.

१८५४ साली लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपामुळे कॉलरा पसरला, हे डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून दाखवून दिलं. त्या पंपाचं पाणी लोकांना चवीला आवडायचं. दूर हॅम्पस्टेडला राहायला गेलेली एक विधवा बाई मुद्दाम त्याच पंपाचं पाणी गाडीतून मागवायची. त्या साथीत ती गेली. "चवीला छान आहे, म्हणजे चांगलंच असणार" असं कुणी म्हटलं की मला ती बाई आठवते.

पायरी १: पाणी येतं कुठून ते बघा

तपासणीच्या आधी चौकशी. नदी-तलावाचं पाणी सहसा मऊ असतं, जमिनीखालचं सहसा जड. पाऊस मुळात मऊ. तो जमिनीत मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतो, किंचित आम्लधर्मी होतो आणि चुनखडीसारखे खडक विरघळवत खाली जातो. त्यातून पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम येतं, आणि पाण्याचा जडपणा म्हणजे मुख्यतः हे दोन क्षार. (पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात. अणुभट्टीत वापरतात ते जड पाणी निराळं, त्याचा इथे संबंध नाही.)

इमारतीत पाणी सोडणाऱ्या माणसाला गाठा. त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्याला विचारा: नळाची मुख्य लाइन कुठून येते? बोअरचं पाणी त्याच टाकीत मिसळतं का? कमी पडलं तर टँकर येतो का, आणि तो कुठल्या टाकीत रिकामा होतो? वरची टाकी शेवटची कधी धुतली? स्वयंपाकघराचा नळ थेट लाइनवर आहे की टाकीवर? एकाच घरात स्वयंपाकघराचं पाणी मऊ आणि बाथरूमचं जड असू शकतं, कारण दोन्हींच्या पाइपलाइन वेगळ्या असतात. हे न बघता अख्ख्या घरासाठी सॉफ्टनर (जडपणा काढणारं मशीन) घेणारे लोक मी पाहिले आहेत.

ऋतूही विचारात घ्या. पाऊस संपून बरेच महिने झाले की नदी-तलाव आटतात, बोअरचं प्रमाण वाढतं आणि पाणी जड होतं. पावसाळ्यात जडपणा उतरतो पण गढूळपणा चढतो. म्हणजे एका दिवसाच्या मोजणीवर वर्षाचा निर्णय नको.

पायरी २: साबणाची बाटली

ही तपासणी अर्ध्या तासात होते आणि ती मी प्रत्येक घरात केली आहे. एकसारख्या तीन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत डिस्टिल्ड पाणी (इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते), दुसरीत स्वयंपाकघरातलं, तिसरीत बाथरूमचं. प्रत्येक बाटली सारख्याच खुणेपर्यंत, पाव भरा.

आता साध्या साबणाचा थोडा कीस डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून ठेवा. हँडवॉश, भांडी घासायचं लिक्विड किंवा डिटर्जंट चालणार नाही, कारण ते जड पाण्यातही फेसाळतात आणि तुमची फसगत होते. खरा साबणच हवा.

हे साबणाचं पाणी ड्रॉपरने थेंबाथेंबाने टाका. दर थोड्या थेंबांनंतर झाकण लावून जोरात हलवा आणि मोजत राहा. डिस्टिल्डच्या बाटलीत काही थेंबांतच फेस येतो आणि मिनिटभर तसाच उभा राहतो, खालचं पाणी स्वच्छ दिसतं. जड पाण्याच्या बाटलीत आधी दुधाळपणा येतो, मग बारीक पांढऱ्या गुठळ्या तरंगायला लागतात आणि फेस बसतच जातो. त्या गुठळ्या म्हणजे साबण आणि कॅल्शियम यांचा न विरघळणारा साका. बादलीच्या कडेला, टाइलवर आणि धुतलेल्या केसांवर चिकटून राहतो तो हाच. सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम असं साबणाने खाऊन टाकल्याशिवाय फेस टिकत नाही. म्हणून जितके थेंब जास्त, तितकं पाणी जड. एकोणिसाव्या शतकात थॉमस क्लार्क नावाच्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने जडपणा मोजायला साबणाचाच आधार घेतला होता.

आता तेच नळाचं पाणी दहा मिनिटं खळखळ उकळा, निववा, वरचं नितळ पाणी अलगद ओतून घ्या आणि पुन्हा थेंब मोजा. थेंब एकदम कमी झाले तर जडपणा तात्पुरता, म्हणजे बायकार्बोनेटचा आहे. तो उष्णतेने कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतो. अशा घरात गिझर आणि केटलीला पांढरा थर धरणार हे नक्की. थेंब फारसे कमी झाले नाहीत तर जडपणा कायमचा, सल्फेट-क्लोराइडचा. तो उकळून जात नाही.

पायरी ३: आकडा काढा

बाटलीवरून अंदाज येतो, खरेदीसाठी आकडा लागतो. जडपणा मोजायचं थेंबांचं किट मिळतं: ठरावीक पाण्यात निर्देशक टाकला की पाणी लालसर होतं, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे. एका थेंबाला रंग निळा होतो, तिथे थांबायचं. एक थेंब म्हणजे किती, ते किटवर लिहिलेलं असतं.

आकडा "कॅल्शियम कार्बोनेट म्हणून मिलिग्रॅम प्रति लिटर" असा सांगतात. ६० पर्यंत मऊ, ६१ ते १२० मध्यम, १२१ ते १८० जड, १८० च्या वर फार जड, अशी एक रूढ विभागणी आहे. वॉशिंग मशीन किंवा डिशवॉशरच्या पुस्तिकेत जर्मन अंश दिसले तर गोंधळू नका: १ जर्मन अंश म्हणजे सुमारे १७.८ मिलिग्रॅम. आणि पाण्याच्या अहवालात जडपणा न देता कॅल्शियम आणि मॅग्नेशियम वेगवेगळे दिले असतील तर कॅल्शियमला २.५ ने आणि मॅग्नेशियमला ४.१ ने गुणून बेरीज करा. कॅल्शियम ६० आणि मॅग्नेशियम २० असेल तर १५० अधिक ८२, म्हणजे २३२. हे फार जड पाणी.

आणि आरोग्य? जडपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणाने कुठलीही मर्यादा घातलेली नाही. मुतखड्याची भीती लोक फार घालतात. पण मुतखड्याचं त्याहून ओळखीचं कारण म्हणजे पाणी कमी पिणं. पाण्यावर विश्वास नाही म्हणून घोटभरच पिणारी माणसं स्वतःचं जास्त नुकसान करून घेतात. आधीच मुतखड्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा, विक्रेत्याला नको.

टीडीएस मीटर आणि तपकिरी पाण्याचा प्रयोग

विक्रेत्याचा विषय निघालाच आहे. मागच्या घरी सामान लावून झालं नव्हतं, तेव्हा एक माणूस दारात आला. दोन पेल्यांत पाणी घेतलं, एकात आमच्या नळाचं, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत धातूच्या कांड्यांचं एक यंत्र बुडवून बटण दाबलं. बघता बघता आमच्या पेल्यात हिरवट-तपकिरी गाळ उसळला, त्याचा पेला स्वच्छच. आई घाबरून गेली. "हेच रोज पोटात जातं," असं तो म्हणाला, आणि मी त्या दिवशी सही करून मोकळी झाले.

तो गाळ पाण्यातला नव्हता. कांडीतलं लोखंड वीज वाहिली की विरघळतं आणि तपकिरी होऊन वर येतं. नळाच्या पाण्यात क्षार असल्याने वीज वाहते, आरओच्या, म्हणजे बारीक पडद्यातून गाळून क्षार काढणाऱ्या मशीनच्या, पाण्यात क्षार फारसे नसल्याने फारशी वाहत नाही, एवढाच फरक. तुमच्या दारात हा प्रयोग झाला तर त्या "शुद्ध" पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा आणि पुन्हा बटण दाबायला लावा. तेही पाणी तपकिरी होईल.

टीडीएस मीटर खोटं बोलत नाही, पण फार थोडं बोलतं. ते पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतं. त्यात जडपणाचे क्षार किती आणि साधं मीठ किती, ते कळत नाही. जंतू कळत नाहीत. शिसं किंवा आर्सेनिक घातक प्रमाणात असलं तरी आकडा हलत नाही, कारण ती मात्रा एका लिटरला मिलिग्रॅमच्या अंशात असते. चवीच्या दृष्टीने लिटरला ६०० मिलिग्रॅमपेक्षा कमी टीडीएस साधारण चांगलं मानतात, १००० च्या वर पाणी मचूळ लागायला लागतं. मीटर तेवढ्याच कामाचं.

पायरी ४: क्लोरीनचा माग काढा

माझ्या मते या लेखातली सगळ्यात उपयोगी पायरी ही, आणि हीच बहुतेक जण सोडून देतात. नळाच्या पाण्यात मुद्दाम थोडं क्लोरीन शिल्लक ठेवलेलं असतं, म्हणजे वाटेत जंतू शिरले तर ते मरावेत. जंतू, शेवाळ, गाळ यांच्याशी झुंजताना ते खर्च होतं. म्हणून ते कुठपर्यंत पोचतं हे मोजलं की बिघाड कुठे आहे ते कळतं.

क्लोरीन तपासायचं छोटं किट घ्या. काहींत पाणी पिवळं होतं, काहींत गुलाबी, आणि रंग पट्टीशी ताडून बघायचा. तीन ठिकाणी, एकाच सकाळी मोजा: लाइन इमारतीत शिरते तिथे, टाकीतून निघते तिथे आणि तुमच्या नळाला. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम नळापर्यंत पोचायला हवं.

दारात ०.५ आणि टाकीनंतर शून्य आलं, तर टाकी क्लोरीन खाते आहे. झाकण उचलून बघा. तळाशी गाळ, भिंतीला बुळबुळीत थर, तुटलेलं झाकण किंवा ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नाही, असं काहीतरी सापडेल. दारातच शून्य असेल तर प्रश्न इमारतीबाहेरचा आहे, किंवा तुम्ही बोअरचं पाणी मोजताय. दारात आणि टाकीत ठीक पण नळाला शून्य, तर मधला पाइप किंवा नळाला लावलेला फिल्टर बघा. कार्बनचा फिल्टर क्लोरीन काढूनच टाकतो. मग वास जातो खरा, पण पुढच्या पाण्याला राखणदार उरत नाही, म्हणून ते पाणी दिवसचे दिवस साठवू नका.

जिथे पाणी ठरावीक वेळीच येतं तिथे आणखी एक काळजी. लाइन रिकामी असते तेव्हा तिच्यात दाब नसतो आणि गळक्या सांध्यांतून आजूबाजूचं घाण पाणी आत ओढलं जातं. थेट लाइनला मोटर लावून पाणी खेचलं तरी हेच होतं, आणि भोगायला लागतं शेजाऱ्यांनाही. पाणी आल्यावरचा पहिला लोट पिण्यासाठी भरू नका. तो फरशी पुसायला ठेवा.

पायरी ५: नळाची जाळी उघडा

नळाच्या तोंडाची जाळी, म्हणजे एरेटर, फिरवून काढा आणि पांढऱ्या बशीवर आपटा. आत अडकलेला कचरा बरंच सांगतो. पांढऱ्या कणांवर व्हिनेगरचे थेंब टाका: बुडबुडे येऊन ते विरघळले तर चुनखडीचा थर, काहीच झालं नाही तर वाळू किंवा प्लॅस्टिकचे तुकडे. तांबूस कण म्हणजे गंज. काळे आणि दाबल्यावर मऊ लागणारे कण बहुधा झिजलेल्या रबरी वॉशरचे. जाळी तशीच रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. कमी दाबाची निम्मी रडगाणी इथेच संपतात.

रंग-वासाचं थोडक्यात. पेल्यात भरल्यावर दुधाळ दिसणारं पाणी तळापासून वर नितळत गेलं तर ती फक्त हवा. तांबूस पाणी लोखंडाचं, काळसर डाग मँगनीजचे, बेसिनवर निळसर-हिरवट डाग म्हणजे तांब्याचे भाग झिजताहेत. मातीसारखा वास तलावातल्या शेवाळामुळे आणि सूक्ष्मजीवांमुळे येतो. तो नकोसा वाटतो पण सहसा अपायकारक नसतो. सडक्या अंड्याचा वास फक्त गरम पाण्याला येत असेल तर गिझरमधला मॅग्नेशियमचा दांडा तपासायला लावा. पण सांडपाण्यासारखा वास आला तर विचार करत बसू नका. पिणं थांबवा, तक्रार करा, शेजाऱ्यांना सांगा.

पायरी ६: जे घरी कळत नाही ते प्रयोगशाळेत

जंतू, नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक, शिसं हे डोळ्यांना, जिभेला किंवा मीटरला कळत नाही. बोअर किंवा टँकरचं पाणी पीत असाल, घरात तान्हं बाळ असेल किंवा पाइप फार जुने असतील तर एकदा तपासून घ्याच. अहवाल वाचताना हे लक्षात ठेवा: १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) शून्य हवेत, "थोडे" चालत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा लिटरला नायट्रेट ५० मिलिग्रॅम, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम अशा आहेत. नायट्रेटची मर्यादा वरच्या दुधावरच्या बाळांना समोर ठेवून ठरवलेली आहे.

जंतूंसाठी नमुना घेताना प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली वापरा. तिच्यात क्लोरीन निष्प्रभ करणारी पूड असते, ती धुऊन टाकू नका. जाळी काढा, नळाचं तोंड पुसा, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट न लावता भरा आणि थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा. शिशासाठी नेमकं उलट: रात्रभर पाइपात साचलेलं पाणी, सकाळी नळ उघडताच पहिलं.

शिशाच्या बाबतीत मऊ पाणीवाल्यांनीही गाफील राहू नये. मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी पाइप जास्त खातं. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला, गंजरोधक प्रक्रिया केली नाही, आणि जुन्या पाइपांमधलं शिसं लोकांच्या नळांत उतरलं. पाइप जुने असतील तर सकाळचं पहिलं पाणी सोडून द्या आणि प्यायला कायम गार नळाचंच घ्या. गरम पाणी शिसं जास्त विरघळवतं.

पायरी ७: आता मशीनचं बघू

फक्त जंतूंची शंका असेल आणि पाणी नितळ असेल तर यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारं मशीन) पुरतं, किंवा उकळणं. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर राहत असाल तर तीन. गढूळ पाण्यावर यूव्हीचा भरवसा नाही, कारण जंतू कणांच्या सावलीत लपतात. उकळल्याने नायट्रेट किंवा आर्सेनिक जात नाही. वाफ निघून गेल्यावर त्यांचं प्रमाण उलट वाढतं.

आरओ घ्यायचं ते टीडीएस खरंच जास्त असेल किंवा अहवालात आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट निघालं असेल तेव्हा. घरगुती आरओ बऱ्याचदा देतं त्यापेक्षा जास्त पाणी टाकून देतं. ते पाणी बादलीत घेऊन फरशीला वापरा. ज्यांच्या घरी चांगलं, क्लोरीन असलेलं, दीडशे टीडीएसचं पाणी येतं त्यांनी आरओ लावलेलं पाहिलं की मला वाईट वाटतं.

जडपणाचा त्रास असेल तर सॉफ्टनर, आणि तोही अंघोळ, कपडे, गिझर यांच्यासाठी. त्यातले रेझिनचे मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात, म्हणून त्यात अधूनमधून मीठ भरावं लागतं. क्षारांची फक्त अदलाबदल होत असल्याने सॉफ्टनरनंतर टीडीएस कमी होत नाही. ते बघून मशीन बिघडलं असं समजू नका, साबणाची बाटली करून बघा. १०० मिलिग्रॅम जडपणा काढला की लिटरला सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. मीठ कमी खायला सांगितलेलं कुणी घरात असेल तर पिण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर ठेवा. पाइपला लावायच्या चुंबकाच्या पट्ट्यांबद्दल विचाराल, तर त्या लावल्यावरही जडपणाचा आकडा तोच राहतो.

मशीनशिवायही बरंच साधतं. गिझरचं तापमान ६० अंशांच्या वर नेऊ नका, त्यापुढे थर भराभर धरतो. पण साठवणीचा गिझर कोमटही ठेवू नका, त्यात लिजिओनेला जंतू वाढतात. केटलीत सायट्रिक ॲसिडचं पाणी उकळून थोडा वेळ ठेवा, थर सुटून येतो. मात्र व्हिनेगर असो की सायट्रिक ॲसिड, ते ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. संगमरवरावरही टाकू नका, संगमरवर आणि तो थर एकाच पदार्थाचे.

शेवटचं काम वहीचं. तारीख, ठिकाण, जडपणा, टीडीएस, क्लोरीन असे रकाने पाडा आणि दर दोन महिन्यांनी एक ओळ लिहा. वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या एकेका घराला सोबत घ्या. "पाणी खराब येतं" या तक्रारीला उत्तर मिळायला वेळ लागतो. "दारात ०.५, टाकीनंतर शून्य, तीन घरांत सारखंच" असा कागद बैठकीत ठेवला तेव्हा आमची टाकी त्याच आठवड्यात धुतली गेली. धुतल्यानंतर पुन्हा मोजायला विसरू नका.